इब्न सलामसाठी कुणी रडत नाही

अझरबैजानात मुलीला मागणी घालायला आलेल्या मंडळींचं निम्मं लक्ष बोलण्यात असतं आणि निम्मं आतल्या दाराकडे. चहा कसा येतोय ते बघायचं असतं. एरवी तिकडे चहात साखर घालायची पद्धत नाही. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यातून, आर्मुदूतून, कोरा चहा येतो; साखरेचा खडा दातात धरायचा किंवा चेरीच्या मुरब्ब्याचा चमचा जिभेवर ठेवायचा आणि वरून घोट घ्यायचा. मागणीच्या बैठकीत मात्र बोलणी जमली की साखर ढवळलेला चहा आणतात. शिरीन चाय. तो सगळ्यांनी प्यायला की सोयरीक पक्की.

मुलीच्या बापाने पहिल्याच भेटीत हो म्हणणं कमीपणाचं. 'मुलीचं दार म्हणजे शहाचं दार' अशी म्हणच आहे, आणि शहाच्या दारी माणसाने दोन-तीनदा जोडे झिजवायचेच असतात. आधी मुलाची आई, मावशी, बहीण जाऊन अंदाज घेतात. मग घरातले आणि गल्लीतले वजनदार पुरुष जातात. मुलीला विचारतात, नाही असं नाही. ती गप्प राहिली तर होकार समजायचा. जुन्या रीतीप्रमाणे मुलगा त्या बैठकीत नसतोच. म्हणजे ज्या दोघांना पुढची चाळीस-पन्नास वर्षं एकत्र काढायची, त्यातली एक गप्प आणि दुसरा गैरहजर. बाकी सगळे बोलतात.

आता बाकूतल्या बऱ्याच मुली आपला जोडीदार स्वतः शोधतात, कॉलेजात नाहीतर इन्स्टाग्रामवर. तरीही एक दिवस मुलाकडचे वडीलधारे येतात, या मुलीबद्दल आजच कानावर आलं असा चेहरा करून बसतात, आणि मुलीचा बाप 'विचार करून सांगतो' म्हणतो. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मला या नाटकाची गंमत वाटायची.

नाटकावरून आठवलं. लग्नाआधी मुलीचं तोंडही दिसत नाही, या तक्रारीवर १९१३ साली बाकूत उझेयीर हाजीबेयोव यांचं एक संगीत नाटक रंगमंचावर आलं. श्रीमंत व्यापारी नायक फेरीवाला कापडविक्या बनून दारोदार हिंडतो, कारण फेरीवाल्यासमोर बायका पडदा पाळत नाहीत. 'आर्शिन माल आलान' या नावाने ते आजही तिथे घराघरात माहीत आहे. मुली पडद्याबाहेर याव्यात असं सांगणाऱ्या त्या नाटकात नायिकेचं काम मात्र पुरुषानेच केलं, कारण रंगमंचावर बाई उभी राहणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे त्याच वर्षी बालगंधर्वांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली होती, तेव्हा या बाबतीत हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आम्ही बाकूला काही वर्षं राहिलो ते नवऱ्याच्या तेलातल्या नोकरीमुळे. इमारत सोव्हिएत काळातली, पाच मजली, बिनलिफ्टची. मधे अंगण, अंगणात तुतीचं झाड, झाडाखाली दोन बाकं. उत्तरेकडून खझरी वारा सुटला की दोरीवरचे कपडे शेजारच्या गच्चीत जात आणि त्या निमित्ताने ओळखी होत. तळमजल्यावर एक बाई राहायच्या. सगळे त्यांना खाला म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मावशी म्हणायला तिथे नात्याची गरज नसते. त्या मला 'गिझिम' म्हणत, म्हणजे पोरी. माझी मोडकी रशियन, त्याहून मोडकी अझरबैजानी आणि राज कपूर-मिथुन यांची पुण्याई, एवढ्यावर आमचं छान चालायचं.

खाला शिर्वानकडच्या एका खेड्यातल्या. लग्न १९७० च्या दशकातलं. मला त्यांनी त्यांच्या लग्नाचं वर्णन एकदा नाही, अनेकदा ऐकवलं, आणि दर वेळी ते नवरीच्या कमरेला लाल फीत बांधण्यापाशी थांबायचं. ती फीत भाऊ बांधतो. दोनदा कमरेभोवती फिरवून सोडतो आणि तिसऱ्यांदा गाठ मारतो. मग वाग्झाली नावाची धून सुरू होते, जी ऐकली की तिथल्या कोणत्याही बाईच्या पोटात कालवतं, आणि नवरी बापाच्या घरातून निघते. पुढे आरसा आणि दिवा घेऊन चालणारी माणसं, बरोबर येंगे, म्हणजे नवरीची पाठराखीण. सासरच्या उंबऱ्यावर बशी फोडतात, मेंढा कापतात, नवरीच्या मांडीवर मुलगा बसवतात. मुलगाच. पाठराखीण दुसऱ्या दिवशी परत जाते.

"आणि मग?" मी विचारायची.

"मग काय? मग भांडी," खाला म्हणायच्या.

त्या घरात दोन खोल्या होत्या. सासू-सासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ आणि त्यांच्या बायका येऊन-जाऊन, एक बिनलग्नाची नणंद. सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही. डोईवरच्या रुमालाचं टोक ओढून ओठांवर धरायचं, त्याला याश्माग म्हणतात. सासऱ्याला काही सांगायचं असेल तर एखादं पोर पुढे करायचं आणि पोराच्या कानात सांगायचं. सोव्हिएत युनियन अंतराळात माणसं पाठवत होतं आणि शिर्वानमधली ही नर्सिंग शिकलेली मुलगी सासऱ्याला जेवण वाढल्याचं पुतण्याकरवी कळवत होती. काही महिन्यांनी सासऱ्यानेच तिला एक शाल दिली आणि म्हणाला, बोल आता. खाला हे सांगताना त्या सासऱ्याविषयी फार मायेने बोलायच्या. घरात त्यांच्याशी मुद्दाम बोलावं असं वाटलेला तो पहिला माणूस होता.

नवरा? नवऱ्याशी बोलायला जागाच नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांना नावाने हाक मारायची नाही. ती म्हणायची 'आ किशी', म्हणजे 'अहो बाप्या' म्हणा हवं तर. तो 'पोरांची आई' म्हणायचा. आमच्या आजीचा सगळा संसार एका 'अहो'वर निभला, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही. पण दुसरी एक रीत ऐकून मी गप्प झाले. तरुण बापाने स्वतःच्या बापासमोर आपल्या मुलाला कडेवर घ्यायचं नाही, मुका घ्यायचा नाही. ती निर्लज्जपणाची खूण. पोर रडत असलं तरी तो खिडकीबाहेर बघत बसायचा. खाला सांगायच्या, रात्री सगळे झोपल्यावर तो उठून पाळण्यापाशी जायचा, आणि मी झोपेचं सोंग घ्यायची, कारण मी जागी आहे हे कळलं असतं तर त्याला लाज वाटली असती.

मला वाटतं, एकटेपणाबद्दल बोलताना आपण रिकाम्या घरांबद्दलच जास्त बोलतो. खालांचं घर कधीच रिकामं नव्हतं. पाहुणा आला नाही असा दिवस नसायचा. सणाला, बारशाला, मयताला, मयताच्या चाळीसाव्याला माणसांची रीघ, आणि प्रत्येक माणसामागे एक पेला धुवायचा. अशा घरात दुःखी असणाऱ्या बाईला आपण दुःखी आहोत हे म्हणायलाही सापडत नाही, कारण पुरावा सगळा विरुद्ध बाजूचा. खायला आहे, अंगावर सोनं आहे, नवरा मारत नाही, पीत नाही. मग तुला झालंय काय?

या गोष्टीत सासूला खलनायिका करणं सोपं आहे. गायनाना, म्हणजे सासू, हा तिथला विनोदाचा हुकमी विषय. आपल्याकडे जावई-सासऱ्यावर निघत नाहीत इतके विनोद गायनानावर निघतात. मीही आधी त्याच चष्म्यातून बघत होते. मग खालांनी सासूची हकीकत सांगितली. तिचा नवरा, म्हणजे तो शाल देणारा सासरा, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. अझरबैजानातून सहा लाखांहून अधिक माणसं तेव्हा सोव्हिएत सैन्यात गेली आणि त्यातली लाखो परतलीच नाहीत. हा परतला, पण मुका झाल्यासारखा. कामावर जायचा, पगार आणायचा, जेवायचा, बसायचा. त्या बाईने बोलायचं कुणाशी? नवऱ्याशी दोस्ती करायची रीत तेव्हाही नव्हती. दिरा-जावांशी स्पर्धा. माहेर लांब. मग तिला मुलगे झाले, आणि त्यातला सगळ्यात धाकटा तिचा झाला.

धाकट्याचं तिथे वेगळं असतं. थोरले मुलगे लग्न करून वेगळे निघतात, धाकटा आई-बापाच्या घरात राहतो, त्यांना शेवटपर्यंत सांभाळतो आणि घर त्याला मिळतं. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. म्हातारपणाची सोय लावलेली, भावाभावांत वाद नको म्हणून आधीच ठरवलेली. पण तिचा एक परिणाम कुणी मोजत नाही. ज्या बाईला नवऱ्यात सोबती मिळाला नाही, ती या धाकट्याला वीस-बावीस वर्षं घालून सोबती म्हणून घडवते. तिच्या दुखण्याला काय लागतं, तिला कोणत्या शब्दाने राग येतो, वडील गप्प असले की तिला कसं हसवायचं, हे त्याला सगळं येतं. तिच्या आयुष्यातला पहिला खरा संवाद त्याच्याशी. आणि मग एक दिवस लाल फीत बांधलेली एक अनोळखी मुलगी दारात येते.

त्या मुलाने करायचं काय? त्याने पगार आईच्या हातात दिला. खालांनीही दिला, पॉलिक्लिनिकमधल्या नर्सचा पगार महिन्याच्या महिन्याला सासूकडे. संध्याकाळी तो घरी आला की आई दिवसाचं गाऱ्हाणं सांगायची, रात्री बायको सांगायची नाही, पण तिच्या पाठीवरून कळायचं. दोघींपैकी एकीची बाजू घेतली की दुसरी एकटी. तो उठून चायखान्यात जायचा. चायखाना पुरुषांचा, तिथे नार्दचे, म्हणजे पटावरच्या सोंगट्यांच्या खेळाचे फासे, डॉमिनो, फुटबॉल, तेलाचा भाव. घरातली गोष्ट तिथे काढणं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणजे घरात बोलता येत नाही आणि बाहेर बोलायचं नाही. असा तोही त्याच्या बापासारखा मुका होत गेला. फरक एवढाच की याला कुठलं युद्ध लागलं नाही.

आणि खाला? त्यांना तीन मुली झाल्या, मग मुलगा झाला. तो मुलगा किती गुणी आहे, आईची किती काळजी घेतो, तिच्याशी कसा तासन् तास बोलतो, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

मी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते दिसत नव्हतं असंही नाही.

मुलगा हवाच, याचा हिशोब त्या देशात आकड्यांतही दिसतो. निसर्गतः दर १०० मुलींमागे १०५-१०६ मुलगे जन्मतात. अझरबैजानात २०१० च्या सुमारास हा आकडा ११५ च्या वर होता, जगात सर्वांत बिघडलेल्या गुणोत्तरांपैकी एक. सोनोग्राफी यंत्राने हे केलं असं म्हणून चालणार नाही. ज्या समाजात बाईला म्हातारपणी बोलायला हक्काचं माणूस फक्त मुलगा, तिथे यंत्र कोणत्याही काळात आलं असतं तरी हेच झालं असतं. महाराष्ट्रातून गेलेल्या बाईने यावर मान वर करून बोलू नये हेही खरं.

आता थोडं आडवळण. मध्ययुगीन फारसी कवितेतला मोठा माणूस, निझामी, याच मातीतला. गेंजे शहरात तो बाराव्या शतकात होऊन गेला. ११८८ साली त्याने लैला-मजनूंची कथा काव्यात बांधली. आपल्याकडे लैला-मजनू म्हटलं की वाळवंट, फाटके कपडे आणि ट्रकच्या मागची शायरी. पण त्या काव्यात एक तिसरा माणूस आहे. लैलाचं लग्न तिचा बाप इब्न सलाम नावाच्या एका भल्या, श्रीमंत माणसाशी लावून देतो. लग्नानंतर तो जवळ येतो तेव्हा लैला त्याला थोबाडीत मारते आणि शपथ घेते, मला हात लावशील तर मी जीव देईन. तो मागे सरतो. म्हणतो, तुला नुसतं बघत राहीन, तेवढं पुरे. आणि खरोखर तसाच राहतो, झुरतो, ताप येऊन मरतो. रिवाजानुसार विधवेने दीर्घकाळ कुणाला तोंड न दाखवता शोक करायचा असतो. लैला तंबूत बसून धाय मोकलून रडते. लोक म्हणतात, काय हे नवऱ्यावरचं प्रेम! ती रडत असते मजनूसाठी. आयुष्यात पहिल्यांदा तिला उघडपणे रडायची परवानगी मिळालेली असते, म्हणून ती रडून घेते.

आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने लग्नातला एकटेपणा इतका आरपार बघितला होता याचा मला अजून अचंबा वाटतो. निझामीची लाडकी बायको आफाक तरुणपणीच गेली होती, कदाचित म्हणून. मजनूच्या वेडावर ओपेरा झाले, चित्रं झाली, सिनेमे झाले. इब्न सलामवर काही नाही. ठरवून दिलेल्या बाईशी लग्न केलं, तिच्या मनात आपण नाही हे समजून घेतलं आणि शेवटपर्यंत रीत सोडली नाही. चायखान्यात बसलेल्या त्या पुरुषांकडे बघताना मला तो आठवायचा. माझ्या नात्यातलेही दोन-तीन पुरुष आठवायचे, नावं घेत नाही.

बाकूच्या मध्यवस्तीत चादर, म्हणजे बायकांनी डोक्यावरून अंगभर घ्यायचा पडदा, भिरकावून देणाऱ्या बाईचा एक पुतळा आहे. शिल्पकार फुआद अब्दुर्रहमानोव, साल १९६०. बाई सुंदर आहे, दंड भरलेले, चादर डोक्यावरून मागे फेकली जातेय. सोव्हिएत राजवटीने हे खरंच केलं. चादर काढली, शाळा दिल्या, डॉक्टर-इंजिनिअर केलं. त्याआधी १९०१ मध्येच तेलसम्राट झेयनालाब्दिन तागीयेव याने बाकूत मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली होती, आणि १९१८ ते १९२० या अल्पायुषी प्रजासत्ताकाने बायकांना मताचा हक्कही दिला होता, कितीतरी युरोपीय देशांच्या आधी. तेव्हा 'मागासलेला देश' वगैरे डोक्यात असेल तर काढून टाकलेलं बरं. गोची वेगळीच आहे. चादर रस्त्यावरची होती. उंबऱ्याच्या आत कुणी पुतळा उभारला नाही. सकाळी पॉलिक्लिनिक, दुपारी दुकानासमोर ब्रेडची रांग, संध्याकाळी सासूच्या देखरेखीखाली नऊ माणसांचा पुलाव. खाला त्या पुतळ्यासमोरून रोज बसने जात. "तिला विचारायचं मनात यायचं," त्या म्हणाल्या, "चादर फेकलीस ठीक, पण ती आता धुणार कोण?"

१९९१ नंतर सोव्हिएत व्यवस्था गेली, कारखाने बंद पडले, आणि पुरुष रशियात गेले. मॉस्कोच्या बाजारात डाळिंब, टोमॅटो, फुलं विकणारे अझरबैजानी हा तिकडचा नेहमीचा देखावा. खेड्यात मागे राहिलेली तरुण बायको आणि सासू, दोघी एकाच माणसाची वाट बघणाऱ्या. काहींनी तिकडे दुसरं घर केलं. सुराखानीचं आतेशगाह म्हणजे अग्निमंदिर बघायला गेले तेव्हा दारावर देवनागरीत 'श्री गणेशाय नमः' वाचून आमच्यातले सगळे हरखले, फोटो काढले. मला मात्र वाटलं, मुलतानहून आणि उत्तर हिंदुस्थानातून इथवर आलेल्या त्या व्यापाऱ्यांच्या बायका कुठे असतील? त्यांचा शिलालेख कुणी कोरला नाही.

रशियात गेलेल्यांच्या बायकांची खरी पंचाईत कागदाची. निकाहाला तिकडे 'कॅबिन' म्हणतात (ऑफिसातल्या केबिनशी संबंध नाही). मुल्ला तो लावतो, समाज त्याला लग्न मानतो, पण सरकार मानतं ते फक्त नोंदणीला. दक्षिणेकडच्या लेंकोरान-मासाल्ली भागात नुसता कॅबिन करून मुलगी सासरी धाडल्याची उदाहरणं पुष्कळ. नवरा परतला नाही तर त्या बाईला पोटगी मागता येत नाही, घरावर हक्क सांगता येत नाही. कर्तव्यं मात्र सगळी लागू, सासूच्या औषधापासून. मुलींचं लग्नाचं किमान वय २०११ मध्ये १७ वरून १८ केलं, २०१५ पासून नोंदणीआधी वधूवरांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली, थॅलेसेमियाची सुद्धा.

आणि १ जुलै २०२५ पासून चुलत-मामे-मावस भावंडांतली लग्नं कायद्याने बंद झाली. जिथे 'चुलतभाऊ-चुलतबहिणीचा निकाह आभाळातच लागलेला असतो' असं शतकानुशतकं म्हणत आले, तिथे ही लहानसहान गोष्ट नाही. कारण आरोग्याचं दिलं गेलं आणि ते बरोबरच आहे. पण या लग्नांमागची एक समजूत आपल्यालाही ओळखीची आहे. आत्याच्या घरी मुलगी दिली की ती परक्यात पडत नाही, सासू म्हणजे आत्याच, आपली लेक आपल्यातच राहिली. खालांच्या बहिणीचं असं लग्न झालं होतं, मावशीच्या मुलाशी. तिची हकीकत खालांनी दोन वाक्यांत संपवली. "मला निदान रडत आईकडे जाता यायचं. ती आईकडे कुणाची तक्रार करणार? आईच्या सख्ख्या बहिणीची?" परक्या घरातल्या एकटेपणाला निदान माहेर नावाचा एक दरवाजा असतो. तो तिच्यासाठी सासरच्याच भिंतीत होता.

हे गरीब-मध्यमवर्गाचंच दुखणं आहे असं कुणी म्हणेल म्हणून नातेवानची गोष्ट. खुर्शीदबानू नातेवान (१८३२ ते १८९७), काराबाखच्या शेवटच्या खानाची एकुलती एक लेक. लोक तिला 'खानाची मुलगी' म्हणूनच ओळखत. लग्न झालं ते उत्तर कॉकेशसमधल्या कुमिक जमातीच्या सरदार खासाय खानाशी, रशियन सैन्यातला अधिकारी. घराण्याला शोभेल असं स्थळ. ते टिकलं नाही. दुसरं लग्न तिने सामान्य कुळातल्या माणसाशी केलं, ते तिच्या बरोबरीच्या लोकांना रुचलं नाही. या सगळ्यात तिने काय केलं, तर शुशा शहरात डोंगरातून पिण्याचं पाणी आणलं, १८७३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कवींची एक बैठक सुरू केली, जिथे बाकी सगळे पुरुष आणि यजमानीण ही. सतराव्या वर्षी मुलगा क्षयाने गेला, त्यानंतरच्या तिच्या गझला वाचवत नाहीत. तिच्याकडे पैसा होता, नाव होतं, बैठक होती. ज्याच्याशी बोलावं असं माणूस मात्र तिने शेवटपर्यंत कवितेतच धुंडाळलं, अशी माझी समजूत. अभ्यासक कदाचित हसतील.

खालांना गझला येत नसत. त्यांना बायाती येत. चार ओळींची, प्रत्येक ओळीत सात अक्षरं, पाळण्यापाशी आणि गालिच्याच्या मागापाशी बसून बायकांनी म्हणायची. त्या पुटपुटायच्या आणि मला जात्यावरची ओवी ऐकू यायची. तोच भाऊ, तीच आई, तेच लांबचं गाव आणि मधली नदी. खालांच्या बायातींत नवरा कुठे नसायचा. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "जो घरात आहे त्याच्यावर कोण गातं?"

आमच्या शेवटच्या नोव्रुझला त्यांनी मला शेवटच्या मंगळवारची गंमत सांगितली. नोव्रुझ म्हणजे वसंत संपाताचा सण, त्याआधीचे चार मंगळवार पाळतात. शेवटच्या मंगळवारी रात्री आगी पेटवून त्यांवरून उड्या मारतात, आणि अंधार पडला की लग्नाळू पोरी कुणाच्या तरी दाराला कान लावतात. आतून जे पहिलं वाक्य ऐकू येईल तो वर्षाचा कौल. त्यामुळे त्या रात्री घराघरात ताकीद असते, कुणी अभद्र बोलायचं नाही, भांडायचं नाही, तोंडून चांगलंच यायला हवं. "दरवर्षी त्या रात्री," खाला सांगत होत्या, "तो माझ्याशी बोलायचा. मोठ्याने. पोरांची आई, आज पुलाव फार छान झालाय. पोरांची आई, तुझा हात दुखत होता ना, आता कसा आहे? दाराबाहेर कुणाची तरी पोर उभी आहे हे त्याला माहीत असायचं. मीही मोठ्याने उत्तर द्यायची. आमच्या दाराला कान लावणाऱ्या सगळ्या पोरींची लग्नं झाली." यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्यांचा मुलगा लग्नानंतर वेगळा राहतो. धाकटा असून, एकुलता एक असून. सुनेने अट घातली होती आणि त्याने ती मान्य केली. खाला सहा महिने कुणाशी धड बोलल्या नव्हत्या म्हणे. नातेवाइकांनी सुनेला नावं ठेवली, 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तिथेही आपल्याइतकाच तिखट आहे. मला विचाराल तर त्या सुनेने साखळीतली एक कडी काढली, आणि तिची किंमत खालांनी मोजली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यातली एकही लहान करता येत नाही.

तर आता त्या तळमजल्यावरच्या घरात, लग्नाला पंचेचाळीसेक वर्षं झाल्यावर, ते दोघंच. सासरे नाहीत, सासू नाही, मुली आपापल्या घरी. सुरुवातीला फार अवघड गेलं असं खालांनी फोनवर सांगितलं. आम्ही तोवर पुण्याला परतलो होतो. जेवताना बोलायचं काय ते सुचेना. मुलांबद्दल बोलून झालं, गुडघ्यांबद्दल बोलून झालं. मग हिवाळ्यात त्याला बाहेर पडणं होईना, चायखाना सुटला, तेव्हा तो नार्दचा पट घरी घेऊन आला. बायकांनी खेळायचा खेळ नव्हे, पण दुसरं आहे कोण? त्याने तिला शिकवलं. शेश-बेश, म्हणजे सहा-पाच, पडलं की कुठली सोंगटी हलवायची, दार कसं अडवायचं. आता ती त्याला हरवते, आणि तो म्हणतो फासे तिरके पडले, पुन्हा टाक. ती म्हणते, टाकणार नाही. परवा फोन केला तर मागून त्याचा आवाज ऐकू येत होता, चांगला खणखणीत, खाला मला म्हणाल्या, "गिझिम, नंतर कर. हा चिडकेपणा करतोय."